सुरुवात जुळली तर काहीच जुळलं नाही

शमीम, परवा ऑफिसात तुझी शोकसभा झाली. मीटिंगच्या खोलीतली खुर्च्या-टेबलं भिंतीला लावली होती, आणि तुझ्या आयकार्डावरचा फोटो मोठा करून टेबलावर ठेवला होता. इतका मोठा केला होता की नाकडोळे धूसर झाले होते. त्या फोटोत तू चिडलेली दिसतेस. तेवढी एकच गोष्ट त्या खोलीत मला बरी वाटली.

साहेब बोलायला उठले. सुरुवात सगळ्या शोकसभांसारखीच होती: मनमिळाऊ, कष्टाळू, कुटुंबातलीच एक. मनमिळाऊ! ज्या बाईनं एका ओळीसाठी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला, ती मनमिळाऊ. ते मी ऐकून घेतलं. मग साहेब जरा थांबले आणि म्हणाले, "चूक कुणाच्याही हातून होते. शमीमच्याही हातून एकदा झाली. पण आपण ती कधी मनात ठेवली नाही. आपण तिला केव्हाच माफ केलं होतं."

पहिल्या रांगेत तुझी बहीण नसरीन बसली होती. तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून बघितलं. चूक? कसली चूक? तू घरी काहीच सांगितलं नव्हतंस, हे मला त्या क्षणी कळलं. तुझा मला इतका राग आला, आणि साहेबांचा त्याहून इतका जास्त आला, की मी उभाच राहिलो. म्हणालो, "साहेब, ती चूक शमीमची नव्हती. तुमची होती."

साहेब हळू आवाजात म्हणाले, "दिलीप, ही वेळ नाही." लगेच सगळे दोन मिनिटं शांत उभे राहिले. ही वेळ नाही म्हणे. तू होतीस तेव्हा वेळ नव्हती, तू गेलीस तरी वेळ नाही. म्हणून आता मी इथे लिहितोय, आणि इथे मला कुणी गप्प बसवू शकत नाही. मध्ये मध्ये तूच फक्त टोकशील, ते टोक.

तू काय काम करायचीस हे त्या सभेत कुणाला धड सांगता आलं नाही. एकानं सांगितलं टायपिंग, दुसऱ्यानं सांगितलं भाषांतर. एसटी स्टँडमागच्या आपल्या त्या अर्ध्या मजल्यावर इतकी वर्षं एकत्र डबा खाऊन ही माणसं हे बोलतात. बंदराच्या मालाचे कागद कॉम्प्युटरवर सही करून पाठवायचे, त्याचं सॉफ्टवेअर आपण बनवतो. पेनड्राइव्हसारखं टोकन लावायचं, पासवर्ड टाकायचा, की झाली सही. ती सही म्हणजे खरं तर एक भलाथोरला आकडा असतो. तो स्क्रीनवर, ईमेलमध्ये, स्लिपवर न्यायचा तर त्याला अक्षरांचे कपडे घालावे लागतात. कुठली अक्षरं, कुठल्या क्रमानं, ओळ कुठे तोडायची आणि कुठे अजिबात तोडायची नाही, हे सगळं तू लिहायचीस. गव्हाणच्या एजंटचा कारकून असो की पळस्प्याच्या ट्रान्सपोर्टवाल्याचा पोरगेला प्रोग्रामर, तुझं मॅन्युअल उघडलं की त्याचं काम व्हायचं. म्हणूनच कुणाला तू आठवली नाहीस. काम अडलं असतं तर आठवली असतीस.

मी नवीन होतो तेव्हा तुला म्हणालो होतो, नमुन्याची सही काय, मनानं टाक चार अक्षरं, कोण तपासणार आहे? तू चष्मा काढलास. "दिलीप, खोटा नमुना म्हणजे खोटी गवाही. उद्या एखादा बिचारा ती जुळवत बसेल." आणि मग तू मला कामाला लावलंस ते कायमचं. मॅन्युअलमधलं प्रत्येक उदाहरण खरोखर चालवून काढायचं, छापायचं, आणि जेवण झाल्यावर दोघांनी वाचायचं. तू कागदावरून मोठ्यानं वाचायचीस, ओळीखाली स्टीलची पट्टी धरून. मी स्क्रीनवर बोट ठेवून बघायचो. मोठं एम, छोटं क्यू, सात, अधिक. ऑफिसातली पोरं म्हणायची, चला, यांची पोथी सुरू झाली. जो चुकेल त्यानं चहा सांगायचा. चहा नेहमी मीच सांगायचो, आणि तू नेहमी म्हणायचीस की आज साखर कमी आहे.

सहीचं ठीक होतं, ती मशीनच जुळवायचं. पण फाईलचा ठसा फोनवरून वाचून दाखवावा लागायचा. ठसा म्हणजे हॅश. अख्ख्या फाईलचा मिळून एक, शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ अक्षरं, बस. फाईलमधला एक स्वल्पविराम हलला तरी सगळा ठसा बदलतो. गव्हाणच्या एजंटचे कारकून नारायणदादा फोन करायचे, आपली फाईल आणि त्यांच्याकडे पोचलेली फाईल एकच आहे ना ते बघायला. आणि फोनवर बी, सी, डी, ई ही सगळी एका आईची लेकरं. कुणाला ओळखू येणार? दुपार दुपार तुमचं चालायचं. बी का डी, दादा? डी का ई, मॅडम?

एका दुपारी नारायणदादाच वैतागले. तू फोन स्पीकरवर ठेवला होतास म्हणून मीही ऐकलं. "मॅडम, हे बी का डी आमाला काय समजत नाय. बोंबील बोला, ढोमी बोला, मंग बगा कसा लगेच लिवतंय."

तू हसली नाहीस. कागद ओढलास. ए अंबाड, बी बोंबील, सी चिंबोरी, डी ढोमी. ई ला मासा काही केल्या सापडेना. दादा जरा चाचरत म्हणाले, एकविरा ठेवली तं चालंल का तुमाला? पाच वेळची नमाज चुकवायची नाहीस तू, पण तू क्षणभरही थांबली नाहीस. "दादा, फाईल चुकायला नको. बाकी सगळं चालतं." एफ ला फणस, कारण एवढ्या मासळीनंतर तोंड गोड करायला काहीतरी पाहिजे, असं तुझं म्हणणं. त्या दिवसापासून तुमची गाडी सुसाट सुटली. सात बोंबील चार एकविरा, शून्य शून्य ढोमी फणस. बाहेरून आलेल्या पाहुण्याला वाटावं, ही बाई ऑफिसच्या फोनवरून मासळीचा धंदा करते.

तू ते पान मॅन्युअलमध्ये घातलंस. साहेबांनी काढलं. "हे मॅन्युअल आहे का मासळी बाजार?" त्याजागी त्यांनी आल्फा, ब्राव्हो, चार्ली छापून घेतलं. उरणपासून पळस्प्यापर्यंत एकाही कारकुनानं कधी चार्ली म्हटलं नाही, सगळे चिंबोरीच म्हणत राहिले. पण मॅन्युअल देखणं झालं.

आपलं भांडण मात्र वेगळंच होतं, आणि ते अजून संपलेलं नाही. माझं म्हणणं, माणसाला वाचायला लावूच नये. मशीननं जुळवावं, हिरवी खूण दाखवावी, विषय संपला. तू म्हणायचीस, हिरवी खूण दाखवणारा प्रोग्राम कुणी लिहिला? तूच ना? मग तू काय जुळवलंस ते कुठेतरी लिहिलेलं पाहिजे. मी म्हणायचो, लिहून काय करतेस, वाचतं कोण? "ज्याला गरज पडते तो वाचतो," तू म्हणायचीस. आणि मी हात जोडायचो. वाचतं कोण, हे मी तुला किती वेळा विचारलं असेल.

मग ती तीन टिंबं आली. साहेबांना स्क्रीनवर सहीची लांबलचक अक्षरं बघवेनात. म्हणाले, सुरुवातीची थोडी दाखवा, पुढे टिंबं द्या, स्लिपवरही तसंच छापा. ते काम माझ्याकडे आलं आणि तू माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिलीस. तुझं ऐकून मी टिंबं घालायला नकार दिला, तेव्हा ते काम दुसऱ्याकडून करून घेतलं. तू निदान मॅन्युअलमध्ये जाड अक्षरात दोन वाक्यं घातलीस. मला ती तोंडपाठ आहेत, आपण ती पट्टी धरून वाचली होती. "सुरुवातीची अक्षरं फक्त सही कुणाची ते सांगतात, सही कशावर केली ते सांगत नाहीत. म्हणून सुरुवात जुळली तर काहीच जुळलं नाही असं समजावं."

खरंच तसं आहे. त्या गठ्ठ्यात आधी सही करणाऱ्याचा दाखला असतो, तो त्या माणसाच्या प्रत्येक सहीत तोच. कागदावरून निघालेली खरी सही असते पार शेपटाकडे. टिंबांनी शेपूटच कापलं. साहेबांनी तुझी वाक्यं वाचली आणि म्हणाले, असलं नकारात्मक लिहिलं तर गिऱ्हाईक घाबरेल. ती वाक्यं त्यांनी स्वतः, माझ्यासमोर, काढायला लावली. मी ते लेखी कळवलं होतं की हे काढू नका. उत्तर आलं की विषय संपलाय.

व्हायचं तेच झालं. एका एजंटनं मालाची यादी बदलली, नव्या यादीवर पुन्हा सही केली. पळस्प्याच्या यार्डात छापील स्लिप डोळ्यांनीच बघतात, तिथे पोरांनी स्लिपवरची सुरुवात आणि स्क्रीनवरची सुरुवात जुळवली. जुळणारच. सही करणारा माणूस तोच होता. जुनी यादी नवी म्हणून गेली आणि कंटेनर बंदरावर अडकून पडले. एजंट आपल्या ऑफिसात येऊन टेबल बडवून गेला. मग साहेबांनी बैठक घेतली आणि निष्कर्ष काढला की मॅन्युअलमध्ये पुरेशी सूचना नव्हती. नव्हतीच. सूचना होती ती त्यांनीच काढली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती मी पुस्तकात वाचली होती, त्या दिवशी टेबलाच्या पलीकडे बसून बघितली. मी तिथेच बोललो. मला सांगितलं की तू प्रोग्रामर आहेस, प्रोग्रामपुरतं बोल. तुझ्याकडून मॅन्युअल काढून घेतलं आणि तुला फोनवर बसवलं, गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायला.

आणि तू बसलीस! यासाठी मी तुला माफ केलेलं नाही, शमीम. माफ करायचा हक्क मला आहे की नाही ठाऊक नाही, पण केलेलं नाही. मी म्हणालो, आपण दोघं मिळून लेखी देऊ, एजंटकडे जाऊ, नारायणदादा येतील. तू डब्यातली भाकरी मोडत म्हणालीस, "जाऊ दे रे. ज्यांना समजायचं त्यांना समजलंय." कुणाला समजलं होतं? मला आणि नारायणदादांना. अम्मींची औषधं होती, नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं, हे सगळं मला कळत होतं. तरी एकदा, निदान एकदा, तू ओरडायला हवं होतंस. एका ओळीसाठी माझ्याशी आठवडाभर न बोलणारी बाई स्वतःसाठी एक शब्द बोलली नाही. तुझ्या आजारपणाबद्दल मी इथे काही लिहिणार नाही, तेही तू असंच जाऊ दे म्हणत अंगावर काढलंस.

शोकसभा झाल्यावर नसरीन मला घेऊनच घरी गेली. अम्मी पलंगावर बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी जियारतच्या दुआला आलो होतो तेव्हा त्यांच्याशी बोलणं झालं नव्हतं, आता नसरीननं सगळं सांगितल्यावर त्यांनी मला जवळ बसवलं. "दिलीप बेटा, माझ्या पोरीनं काय गलती केली होती, ते मला सांग. लपवू नकोस."

आता अम्मींना मी दाखले आणि टिंबं काय समजावणार होतो? मग मला तू आठवलीस, मासळी बाजारात. माझ्या बायकोला तू एकदा बरोबर नेलं होतंस, आणि मी पिशव्या धरायला. कोळणीनं बोंबलांचा वाटा लावलेला होता, वरचे कसे चकाकत होते. तू सरळ हात घालून अख्खा वाटा उलटा केलास. कोळीण तुझ्यावर जाम भडकली, तू तिच्यावर. तेच मी अम्मींना सांगितलं. वरचे दोन बघून वाटा घेऊ नका, खालचे बघा, एवढंच शमीमनं लिहिलं होतं. ते कुणीतरी पुसलं. लोकांनी वरचे बघून वाटा घेतला, आणि खालचा माल निघाला शिळा.

अम्मी म्हणाल्या, "ते तर मीच तिला शिकवलेलं." नसरीन दाराशी उभी होती.

"म्हणजे तिनं लिहिलं होतं."

"हो अम्मी."

"पुसलं कुणी?"

"साहेबांनी."

"आणि माफ पण त्यांनीच केलं?"

मी तिथून निघालो, कामोठ्याला घरी आलो, बायकोनं जेवायला वाढलं ते तसंच ठेवलं. तुझ्यानंतर मॅन्युअल कुणीच धड सांभाळलं नाही, म्हणून नव्या आवृत्तीचं काम महिन्यापासून माझ्याच गळ्यात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उघडलं. तुझी दोन्ही वाक्यं होती तशी घातली, जाड अक्षरात. मासळीचं पान परत घातलं, एकविरेसकट. नमुन्याची सही शेपटापर्यंत पूर्ण छापली, एकही टिंब नाही. आणि शेवटच्या पानावर लिहिलं की हे मॅन्युअल शमीमनं लिहिलं, आणि सहीची सुरुवात जुळवू नका ही सूचना तिनंच पहिल्यांदा दिली होती, ती तिच्या मर्जीविरुद्ध काढण्यात आली होती. कुणी काढली ते लिहिलं नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, मॅन्युअलमध्ये भांडण नको. तेवढं तुझं ऐकलं.

गिऱ्हाइकांकडे मॅन्युअल जातं ते साहेबांच्या सहीनं, हा त्यांचाच नियम. मी छापील प्रत घेऊन गेलो आणि स्पष्ट सांगितलं, साहेब, बरंच बदललंय, नीट वाचून घ्या, शेवटचं पान तरी बघाच. माझ्याशी अजून घुश्श्यात होते. त्यांनी पहिलं पान बघितलं. कंपनीचं नाव, चित्र, आवृत्ती. नेहमीचंच. "ठीक आहे," म्हणाले, टोकन लावलं, पासवर्ड टाकला, आणि सही केली.

मी तिथे काय करायला हवं होतं ते तू सांग. मी दोनदा सांगितलं होतं वाचा म्हणून. वाचतं कोण, हे मी तुला इतकी वर्षं विचारत होतो ना? निदान कोण वाचत नाही, ते आता मला कळलं.

मग मी तुझ्या टेबलाशी येऊन बसलो. पट्टी अजून तिथेच आहे. तुझ्या फोनवरून नारायणदादांना लावला. त्यांनी विचारलं, मॅडमच्या जागेवर कोन हाय, मी सांगितलं. मी म्हणालो, दादा, नवं मॅन्युअल पाठवलंय, ठसा लिहून घ्या, पूर्ण, चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं. आणि मी वाचायला लागलो, ओळीखाली पट्टी धरून. तीन बोंबील नऊ एकविरा. चिंबोरी चिंबोरी सात फणस. तुझ्याइतकं मला सराईत वाचता येत नाही, दोनदा घसरलो. ऑफिसातली पोरं मान वर करून बघत होती. साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं. मी आवाज कमी केला नाही.

शेवटचं अक्षर आलं अंबाड. दादांनी सगळं परत वाचून दाखवलं, डोक्यापासून शेपटापर्यंत. जुळलं. मी त्यांना सांगितलं की यातलं एक अक्षर जरी कुणी काढलं, तरी हा ठसा जुळणार नाही, तुम्हाला तिथे बसल्याजागी कळेल.

"मॅडमचा नाव हाय ना त्याच्यान?"

"हाय दादा. शेवटच्या पानावर."

"मंग बगू दे पुसून कोनाला पुसायचा तं," नारायणदादा म्हणाले. "माज्याकरं सगला लिवलेला हाय."